फुंकून काढलेली सोंगटी

"मावशी, आज पटावर आईंना जिंकू द्यायचं हं," केर्स्टिन माझ्या कानाशी लागून म्हणाली. आलुबुखाराच्या केकवरची फेटलेली साय तिच्या ओठाला लागली होती. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो.

"का म्हणून?"

"खोली मिळाली ना वृद्धाश्रमात. मंगळवारी नेतोय त्यांना. तोवर जरा खूश राहू देत बिचाऱ्या."

"अगं, पण पैज काय लागलीय? तुझी सासू, ट्राउडल, जिंकली तर ती याच घरात राहणार, हरली तर मंगळवारी जाणार. तुझ्या नवऱ्यानेच, योखेननेच कबूल केलंय ना?"

"अहो मावशी, फाशावर कुणी असलं काही ठरवतं का? म्हातारपणाचा हट्ट, म्हणून हो म्हटलं त्याने. खेळ झाला की नीट समजावेल त्यांना."

तिच्या पायाशी टोपली होती, टोपलीत ट्राउडलचे कपडे. प्रत्येकाच्या गळ्याला आतून नावाची पांढरी पट्टी शिवलेली. आश्रमाच्या धुलाईत कपडे हरवू नयेत म्हणून. सुनेने सासूच्या नकळत कपाटातून कपडे काढून नेले, पट्ट्या शिवल्या, काही आधीच परत ठेवले आणि उरलेले आता गुपचूप ठेवायला आणले होते. मला शिसारी आली. आणि ही बया बोटाने साय पुसून बोट चाटत होती.

"या घरात ठरवतात फाशावर," मी म्हटलं आणि कॉफीची किटली उचलून बाहेर आले.

ट्राउडल आणि मी खेळण्यांच्या कारखान्यात लाकूड कातायच्या लेथवर शेजारी शेजारी उभ्या राहायचो. आमच्या या डोंगरातल्या गावात बायका दुसरं करणार तरी काय! ती सोंगट्या काढायची. गोल डोकं, बारीक मान, पसरट बूड. आयुष्यभर तेच. देशभरातल्या घरांत रविवारी लोक तिच्या सोंगट्या एकमेकांच्या डोक्यावर आपटत आणि भांडत. तिचं नाव कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटतही नसे.

तिच्या घरात मात्र पट म्हणजे न्यायालय होतं. बर्फ कोण काढणार, नाताळला भाजलेल्या हंसाची तंगडी कुणाला, सगळं त्यावर. देश दुभागणारी भिंत पडली, कारखाना बंद झाला, तेव्हा पश्चिमेला कामाला कोण जाणार आणि घर कोण सांभाळणार, हेही नवराबायकोने पटावरच ठरवलं. हाइंट्स हरला आणि गेला. एका शब्दाने कुरकुरला नाही. योखेन लहानपणी हरला की गडाबडा लोळायचा. ट्राउडल म्हणायची, "रडून झालं की फासा टाक."

आणि एक नियम कडक. मारता येत असेल तर मारायचंच. मारायला चुकला, तर ज्याच्या लक्षात येईल त्याने त्या सोंगटीवर फुंकर मारायची. सोंगटी बाद, परत सुरुवातीच्या घरात.

आम्ही चौघं बसलो. ट्राउडल नेहमीसारखी लाल. अंगात करडा स्वेटर, केस चापूनचोपून. केर्स्टिन खेळत कसली होती, प्रत्येक वेळी तिच्या वाटेतून सोंगटी बाजूला काढत होती. "अय्या, आई, तुमचं नशीब बघा!" असं वर. खोट्या गोडव्याने माझ्या दातांत कळ आली.

ट्राउडलच्या तीन सोंगट्या आत पोहोचल्या होत्या. चौथी दाराशी आली. योखेनची पिवळी तिच्या मागे चार घरांवर उभी. त्याने फासा टाकला. चार.

त्याने पटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं नाही, आणि दुसऱ्या टोकाची सोंगटी उचलून चार घरं पुढे ठेवली.

माझं तोंड उघडलं होतं. पण त्याआधी ट्राउडल पुढे वाकली आणि त्या मागच्या पिवळ्या सोंगटीवर तिने फुंकर मारली. दमेकऱ्याची फुंकर ती, सोंगटी नुसती डगमगली. मग तिने ती बोटाने आडवी केली.

"अगं आई, मला दिसलंच नाही."

"तुला? पाळण्यातून उतरल्यापासून दिसतंय तुला."

"आई, खेळच आहे—" केर्स्टिन म्हणाली.

ट्राउडलने स्वेटरचा गळा उलटा केला. पांढरी पट्टी. "सकाळपासून टोचतंय हे. दोरा तरी मऊ घ्यायचास." मग योखेनकडे वळून म्हणाली, "पट्टी सापडली तरी मी म्हटलं, खेळेल माझा मुलगा खरा. मला हरवून घराबाहेर काढलं असतंस तर गेले असते रे. हे काय केलंस? मेलेल्या माणसाला जिंकू देतात."

योखेनचे खांदे हलायला लागले. पन्नाशीचा बाप्या, नाक शर्टाच्या बाहीला पुसत होता. मला त्याची कणभरही दया आली नाही. किळस आली.

"रडून झालं की फासा टाक," ट्राउडल म्हणाली. "तुझी खेळी परत घे. फुंकर मागे घेतली मी. चार पडलेत ना? मार."

"आई, नको ना."

"मार!"

त्याने आडवी पडलेली पिवळी उचलली, चार घरं मोजली आणि लाल सोंगटी पाडली. ती टेबलावरून घरंगळत खाली गेली. केर्स्टिन लगबगीने वाकायला लागली.

"बस तिथेच," ट्राउडल म्हणाली. टेबलाची कड धरून ती स्वतः खाली बसली, चाचपडली, वर यायला फार वेळ लागला. सोंगटी तिने सुरुवातीच्या घरात नीट उभी केली. पुढे तिला सहा पडलेच नाहीत. योखेन जिंकला. केकवरची साय पातळ होऊन बशीत उतरली होती.

"हरले. मंगळवारी जाईन," ट्राउडल म्हणाली. "गेर्डे, कात्री आण गं."

मी तिच्या मागे उभी राहून स्वेटरच्या गळ्यातली पट्टी उसवायला लागले.

"अहो, पण आश्रमाचा नियम आहे. स्वेटर हरवेल ना, आई," केर्स्टिन म्हणाली.

"हरवू दे. माझं नाव मला अजून पाठ आहे."

टाके बारीक होते. कात्रीचं टोक मानेला लागत होतं, पण तिने मान जरासुद्धा हलवली नाही.