भिंतीमागचं गवत

जिनतने मुठीत धरलेलं गवत विळ्याने कापलं आणि मागे टाकलं. फेब्रुवारीतच टेकडी पिवळी पडली होती. कोथरूडच्या त्या शेवटच्या गल्लीत घरामागे भिंत, आणि भिंतीमागे लगेच चढण. वणव्याचे दिवस यायच्या आत दहा फूट तरी जमीन उघडी करून ठेवा, असं वनखात्याचा माणूस सांगून गेला होता. गेल्या वर्षापर्यंत हे काम तिचा नवरा इरफान करायचा.

मुलीने, अरिबाने, खिडकीतून विचारलं, "अम्मी, आग लागली तर उचलायच्या पिशवीत सगळे कागद भरलेत. अब्बांचं आधार कार्ड ठेवू?"

"ठेव."

"आता त्याचा काय उपयोग?"

"ठेव."

मागच्या वर्षी भरदुपारी टेकडी पेटली तेव्हा गल्लीतले पुरुष ओल्या फांद्या घेऊन वर धावले होते. इरफानही गेला. वणवा विझला, पण धूर त्याच्या छातीत बसला आणि बाराव्या दिवशी त्याला घेऊनच गेला. सगळे रडले. जिनत रडली नाही. तिने गोधड्या धुतल्या, गळका नळ दुरुस्त करून घेतला आणि पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागली.

शेजारचे ज्ञानदेव विळा घेऊन आले आणि काही न विचारता भिंतीच्या दुसऱ्या टोकापासून कापू लागले. दोघांच्या मधलं गवत कमी होत गेलं.

"भाभी," ते पाठमोरेच म्हणाले, "त्या दिवशी आग कुठून लागली, ते कुणाला कळलं नाही."

"हं."

"अंगणातला पाला मी इथे आणून पेटवला होता. विझला असं समजून जेवायला आत गेलो."

"ठाऊक आहे. ओट्यापाशी उभी होते मी. धूर दिसत होता."

ज्ञानदेवांचा हात थांबला. ते वळले.

"मग वर्षभर बोलला का नाहीत? चार शिव्या तरी घालायच्या."

जिनतने कापलेलं गवत कवेत घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"अरिबाचे अब्बा झोपले होते," ती म्हणाली. "मी उठवलं त्यांना. म्हटलं, सगळे वर गेलेत, आपल्याच घरचं कुणी नाही, बरं दिसत नाही. चपलासुद्धा धड घालू दिल्या नाहीत."

टेकडीवरून गरम वारा आला. ज्ञानदेवांनी विळा खाली ठेवला.

अरिबा मागच्या दाराने तांब्या आणि पेला घेऊन आली. दोघांना तसं पाहून थबकली.

"काय झालं?"

ज्ञानदेवांनी तोंड उघडलं.

"काही नाही," जिनत मध्येच म्हणाली. "भाऊंना पाणी दे."

अरिबाने पेला भरून दिला. ज्ञानदेवांनी तो हातात घेतला, पण ओठांना लावला नाही. ते पिईपर्यंत जिनत तिथेच उभी राहिली.