बासीचा गंज

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्यानं पाणी घातलंय हे मी पातेल्यात न डोकावता सांगते आणि बहुतेक वेळा माझं खरं निघतं. आमचे हे, म्हणजे गुलाबराव, पोलादाच्या प्लांटमधून रिटायर होऊन घरी बसले तेव्हा म्हणाले होते, "सत्यशीला, तुले त पोलीसमदे भरती व्हायले पाहिजे होतं." मी म्हटलं, झाली असती तर पहिली चौकशी तुमचीच केली असती. तेव्हापासून ते माझ्या संशयाच्या वाटेला जात नाहीत.

त्यामुळे कौशल्याचं मनगट मोडलं तेव्हा मी सर्वांत आधी तिच्या नवऱ्याचा विचार केला.

कौशल्या इथे दुर्गशेजारी, स्मृति नगरात आमच्याकडे धुणीभांडी करते. गोंडाची बाई, माहेर सीमेपलीकडे मराठी मुलखात, सालेकशाकडचं, म्हणून मराठी बोलते. या हिंदी बोलणाऱ्या गावात घराबाहेर कुणी मराठी बोलणारं भेटलं की मला ते सख्खंच वाटतं, त्यात कौशल्या तर रोज येणारी. तिचा नवरा हिरालाल इकडचाच, दुर्गच्या बाहेर एका भंगाराच्या भट्टीवर धातू वितळवून ओतायचं काम करतो. आडदांड माणूस, आणि बोलणं अगदी कमी. कमी बोलणाऱ्या पुरुषांवर माझा काडीचा विश्वास नाही.

"बादली उचलली आन् कडकन वाजलं, ताई," कौशल्या म्हणाली. हात गळ्यात बांधलेला होता.

"बादलीनं मनगट मोडत नाही, कौशल्या."

"मोडलं न. मी काय खोटं बोलून राहिलो का?"

बायका असंच बोलतात. नवऱ्यानं जिन्यावरून ढकललं तरी म्हणतील, पाय घसरला. मी लक्ष ठेवलं.

प्लास्टर निघालं, ती कामावर आली, आणि काही दिवसांतच खोकताना तिची बरगडी गेली. खोकल्यानं. आता मात्र शेजारची नीतूही म्हणायला लागली, "आंटी, वो मारता है, पक्का." कौशल्याच्या वस्तीतही सगळ्यांचं हेच म्हणणं होतं. एका दवाखान्यात तिला कॅल्शियमच्या गोळ्या देऊन सांगितलं, तुम्हा लोकांचं खाणंच तसं असतं. हे ऐकून माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. म्हणे, तुम्हा लोकांचं. आमच्या मागच्या पिढीनं हे शब्द ऐकले आहेत, त्यामुळे मला ते लगेच टोचतात.

हिरालाल तिला सायकलवर न्यायला आला तेव्हा मी त्याला फाटकातच गाठलं.

"हाथ उठाते हो क्या इस पर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "नहीं, दीदी."

एवढंच. ना चिडला, ना शपथ घेतली. खरं बोलणारा माणूस निदान भांडला तरी असता, असं मला वाटलं. तो सायकल हळू चालवत गेला आणि खड्डा आला की खाली उतरत होता. ते पाहूनही मी म्हटलं, लोकांना दाखवायला करतो.

मग मी कौशल्याला दुर्गच्या पद्मनाभपुरात डॉक्टर रीनाकडे नेलं. रीना माझ्या नणंदेची मुलगी, हाडांची डॉक्टर. तिनं मला बाहेर बसवून कौशल्याला एकटीला बराच वेळ विचारलं. मग मला आत बोलावलं.

"मामी, मारून मोडलेली हाडं मी खूप पाहिलीत. ही तशी नाहीत. ही आतून ठिसूळ झालीत. रक्त तपासू."

तपासणीत शिसं निघालं. थोडंथोडकं नाही. रीनानं मला समजावलं की शिसं अंगात गेलं की हाडांत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं बसून राहतं आणि हाडं कमकुवत करतं. बाईची पाळी जायच्या वेळी हाडं झिजायला लागली की तेच शिसं पुन्हा रक्तात उतरतं. "आणि पोटुशी असली," ती म्हणाली, "तर आईच्या अंगातून बाळापर्यंत जातं."

"पण येतं कुठून?"

"तेच शोधायचं आहे. पाणी, रंग, खाणं, काहीही असू शकतं. तिच्या नवऱ्याचंही रक्त पाहू, तो भट्टीवर असतो."

हिरालाल मुकाट्यानं रक्त देऊन गेला. त्याच्या रक्तातही शिसं होतं, पण कौशल्यापेक्षा पुष्कळ कमी. आता सांगा. धातूच्या धुरात दिवस काढणाऱ्याच्या अंगात कमी आणि दुसऱ्यांची भांडी घासणारीच्या अंगात जास्त. माझ्या मनात जे आलं ते मी रीनाला सरळ सांगितलं.

"हा तिले काही तरी चारून राहिला."

"मामी, मी असं म्हटलेलं नाही."

"तू नाही म्हटलं. मी म्हणून राहिली."

आता मारण्यावरून माझा संशय विषावर गेला होता आणि मला स्वस्थ बसवेना. एका सकाळी मी न सांगता कौशल्याच्या वस्तीत गेले. हिरालाल कामावर गेला होता. कौशल्या उंबऱ्याशी बसून जेवत होती. ताटात पाण्यातला भात, वर कांदा आणि हिरवी मिरची. म्हणजे बासी. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी तो आंबूस झालेला खायचा, ही इकडची रीत. उन्हाळ्यात मीसुद्धा खाते.

"हे कोणी वाढलं तुले?" मी विचारलं.

"कोण वाढन? मीच." ती हसली. "या, बसा."

"तुहा नवरा नाही खात?"

"गीतांजलीच्या बाबाले कामावर गरम डब्बा लागते. रातचा ताजा भात बी त्याईलेच पैले. उरला का पाण्यात टाकतो, मंग माहे दोन टाईम निंगते."

गीतांजली ही त्यांची एकुलती एक मुलगी. डौंडीकडे दिलेली, आता सातवा महिना होता आणि बाळंतपणाला कौशल्या तिच्याकडे जाणार होती.

चुलीजवळ एक गंज ठेवला होता. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. हा जाडजूड, जड, राखेनं घासून चकचकीत केलेला होता आणि बाजारातल्या भांड्यासारखा मुळीच दिसत नव्हता. आत अर्धा बासीनं भरलेला.

"हा कुठून आणला?"

"त्याईनंच ओतला, भट्टीवर." तिचा चेहरा उजळला. "पैले बासीले मातीची हंडी होती. पाणी भरता भरता फुटे, मी चिडचिड करो. त मालकाले विचारून उरल्यासुरल्याचा हा करून आणला. लय वर्स झाले, पोचा नाही आला याले."

"उरलंसुरलं म्हणजे काय?"

"काई बी. रेडिएटर, जुने नळ, बॅटरीचे तुकडे. जे हाती लागलं ते."

मी वाकून वास घेतला. आंबट. माझी आई कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात कढी ठेवली तर हातावर चापट मारायची, आंबट धातूला खातं म्हणायची. आणि बॅटरीत शिसं असतं, एवढं मलाही माहीत होतं. मी पिशवीतली पाण्याची बाटली रिकामी केली आणि त्यात बासीचं पाणी भरून घेतलं. कौशल्या म्हणाली, "ताई, दारू नाही त्यात." मला हसू आलं नाही.

रीनानं ते पाणी तपासायला पाठवलं. निकाल आला तेव्हा तिनं फोनवर दोनच वाक्यं सांगितली. शिसं त्याच पाण्यात आहे. ते भांडं आजपासून बंद.

खरं सांगू? मला आनंद व्हायला हवा होता. कारण सापडलं होतं. पण हिरालाल मारत नाही, विषही घालत नाही, त्यानं बायकोला हौसेनं भांडं ओतून दिलं होतं, हे मला अजिबात सोसलं नाही. तो लबाड निघाला असता तर मी त्याची गचांडी धरली असती. आता कोणाची धरू?

संध्याकाळी मी कौशल्याकडे गेले आणि सगळं सांगितलं.  तिनं उठून गंजातली बासी मोरीत ओतली आणि गंज कोपऱ्यात उपडा घातला.

"आजपासून मातीची आणतो," ती म्हणाली. "पण ताई, गीतांजलीच्या बाबाले सांगू नका."

"कावून?"

"वस्तीतले म्हणतेत ते मारतेत. ते ऐकून घेतेत, कावून का त्याईले मालूम आहे, आपण हात नाही लावला. हे कसं ऐकतीन? त्याईचं काळीज फाटन."

"लोक त्याले वाईट म्हणून राहिले, कौशल्या. मीसुद्धा म्हटलं."

"म्हणू द्या. मी म्हणन, गंज गहाण टाकला, चोरी गेला, काई बी म्हणन. तुमाले मालूम नाही ताई, किती मनापासून ओततेत ते. दोन दोन दिवस घासत बसतेत. गीतांजलीच्या लग्नात त याच्याहून मोठा..."

ती थांबली. तोंड उघडंच राहिलं.  रीना बाळाबद्दल काय म्हणाली होती तेही मी तिला आत्ताच सांगितलं होतं.

तेवढ्यात बाहेर सायकल लावल्याचा आवाज आला आणि हिरालाल आत आला. मला बघून त्यानं मान खाली घातली. आज पुन्हा काहीतरी विचारणार, असं त्याला वाटलं असेल. कौशल्या उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. "माहे हाडं या गंजानं गेले. आंबटानं त्याच्यातलं शिसं उतरते. डॉक्टरीणबाईनं तपासलं."

मी मनाची तयारी केली. आता हा ओरडेल, नाही म्हणेल, मला घराबाहेर काढेल. हिरालाल उपड्या गंजाकडे बघत उभा राहिला.

"पक्का है, दीदी?"

"पक्का आहे," मी म्हटलं.

तो बायकोकडे वळला. तिच्या मनगटाला हात लावायला गेला आणि लावला नाही. मग म्हणाला, "फोन लगा. बिटिया को लगा."

कौशल्यानं तिचा फोन माझ्यापुढे धरला, तो मीच लावून दिला आणि स्पीकर चालू केला. गीतांजलीचा आवाज आला, हसरा, घाईचा.

"हं आई, बोल."

"काय करून राहिली, बेटा?"

"काई नाही, पडलो आहो. कमर लय दुखते. सासू म्हणते, या दिवसांत दुखतेच."

"काय खाल्लं आज?"

"बासी. तूच त म्हटलं होतं, पोटुशीनं बासी खावी, पोरगं थंड राहते. मी त आता रोजच खातो, दोन्ही टाईम."

कौशल्या भिंतीला टेकून खाली बसली. हिरालालनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तोंडाजवळ धरला. 

"बेटी, वो गंज का कुछ मत खा. मैं अभी आ रहा हूँ."

तिकडून गीतांजली हसली. "कावून, बाबा? याच्याहून मोठा ओतून आणून राहिले का?"