अर्धी भागिरथीची, अर्धी बनूची

मित्रांनो, आधीच सांगतो, मला स्वस्थ बसता येत नाही. मी एक जुना रक्तदाबमापक आहे. तुमच्या घरी मला बीपीचं मशीन म्हणत असतील. हल्ली त्या पीं पीं करून आकडे दाखवणाऱ्या डब्या निघाल्यात ना, त्यांच्यातला मी नव्हे. मी पाऱ्याचा. झाकण उघडलं की माझी काचेची नळी ताठ उभी राहते. दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबरी फुगा दाबायचा, की पारा सरसर वर चढतो आणि हळूहळू खाली येतो. पारा म्हटला की तो हलायचाच, आणि माझा स्वभावही त्याच्यावरच गेला आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, त्यातलं फारसं आठवत नाही. पहिली आठवण आहे ती राहात्याच्या अलीकडच्या एका गावातल्या दवाखान्याची. हा दवाखाना ग्रामपंचायतीनं स्वतःच्या हिमतीवर काढलेला. घरपट्टी, पाणीपट्टी असते तशी या गावात दवाखानापट्टीही आहे. प्रत्येक घर ती भरतं. त्यातून औषधं येतात, सिस्टरचा पगार होतो आणि आठवड्यातून दोनदा डॉक्टर येतात. ऐन उमेदीत मी बाजारच्या दिवशी शंभरेक दंड मोजायचो. कांद्याच्या वाफ्यातून उठून आलेले मातीचे दंड, गुरुजींचे इस्त्रीच्या बाहीतले दंड. डॉक्टर म्हणायचे, पारा कुणाची भीड धरत नाही. ते ऐकून मला मूठभर मांस चढायचं. मग नवी डबी आली आणि माझी रवानगी कपाटात झाली, मुदत संपलेल्या मलमांच्या शेजारी. डबीचे सेल संपले की तेवढं मला बाहेर काढायचे. सेल लवकर संपोत, असा मी रोज धावा करायचो. खोटं कशाला सांगू?

एका वर्षी आसपासच्या वस्त्यांवरून बरेच लोक औषधाला आले आणि दिवाळीच्या आतच कपाट रिकामं झालं. पट्टी भरणारे हात हलवत परत गेले. गाव खवळलं. तेव्हा नृसिंहकाकांनी यादी केली. हे काका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, माणूस सरळ. पट्टी भरायच्या पहिल्या दिवशी पहिली पावती त्यांचीच; पण दवाखान्याची पायरी ते कधी चढले नाहीत. आपल्याला परवडतं, मग गोरगरिबांच्या वाट्याचं कशाला खायचं, असं त्यांचं म्हणणं. यादीत गावातल्या घराघरातली माणसं नावानिशी लिहिलेली होती. ज्याचं नाव यादीत, त्यालाच गोळ्या. बाकीच्यांनी सरकारी केंद्र गाठावं, असं ठरलं. ते केंद्र लांब, जाऊन यायला एक दिवसाची मजुरी बुडायची.

भागिरथीबाईचं नाव यादीत होतं. साठीची, खुरपणीला जाणारी बाई. दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायची, आणि दर महिन्याला तिचा आकडा चढलेलाच. स्नेहल सिस्टरनं आधी डबीवर मोजलं, मग मला काढलं, मग माझीच नळी वरखाली करून तपासली. मी खोटा ठरतो की काय, या धास्तीनं माझा जीव टांगणीला लागला होता.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेच्या पडवीत ग्रामसभा भरली. यादी ठेवायची की काढून टाकायची, हा विषय रखमाजी नावाच्या मजुरानं मांडला होता. सभेला येईल त्याचा रक्तदाब तपासायचा म्हणून स्नेहलनं मलाही नेलं. डबीचे सेल संपले होते, देव पावला होता.

सभा चांगलीच तापली. पट्टी आम्ही भरायची आणि गोळ्या गावाबाहेरच्यांनी न्यायच्या, हा कुठला न्याय, असं अर्धी पडवी म्हणत होती. रखमाजी म्हणाला, वीटभट्टीवरचा माणूस साबण घेतो, चप्पल घेतो, त्यावरचा कर काय सरकार त्याला माफ करतं? भरत सगळेच असतात, पावती तेवढी काहींनाच मिळते. यावर नृसिंहकाका शांतपणे म्हणाले की मन त्यांनाही आहे, पण शेकडो माणसं आली तर औषध पुरायचं नाही, आणि मग ना गावाला ना परगावाला, कुणालाच मिळायचं नाही. दोन्ही बाजूंचं मला पटत होतं आणि त्यामुळे मी आणखीच अस्वस्थ झालो.

एवढ्यात भागिरथीबाईचा नंबर आला. स्नेहलनं पट्टा बांधला. पारा पुन्हा तिथंच. स्नेहलचा धीर सुटला.

"मावशी, खरं सांगा. गोळी घेता की नाही?"

"घेते की," भागिरथीबाई म्हणाली. "आर्धी घेते. आर्धी बनूला देते."

बनुबाई ही तिची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर पुणतांब्याहून हिच्याकडे येऊन राहिलेली. तिलाही तोच आजार, पण तिचं नाव तिकडेच राहिलं होतं, इथल्या यादीत चढलं नव्हतं. रोज सकाळी भागिरथीबाई अडकित्त्यानं गोळीचे दोन तुकडे करायची. अर्ध्या गोळीनं निदान अर्धा आजार जाईल, असा दोघी बहिणींचा समज. खरं तर त्यानं एकीचाही जात नव्हता.

पडवीतलं भांडण थांबलं. पण भांडण थांबलं म्हणून ठराव होत नाही. काका म्हणाले, बाहेरची माणसं किती, औषध किती लागेल, हे नीट मोजतो आणि दोन ऑक्टोबरच्या सभेत ठरवू. कुणालाच ते वावगं वाटलं नाही. स्नेहलनं मात्र भागिरथीबाईला देवीची शपथ घातली आणि रोज दवाखान्यात येऊन तिच्यासमोर अख्खी गोळी गिळायला लावली.

पंधरा दिवसांत भागिरथीबाईचा पारा खाली आला. कसा झरझर उतरला. स्नेहल हसली, डॉक्टरांनी माझ्या झाकणावर थाप मारली, मी खूश झालो. त्या खुशीची मला आज लाज वाटते. अख्खी गोळी एकीच्या पोटात जाऊ लागली म्हणजे दुसरीचं काय झालं असेल, हे मला सुचलं नाही. कुणालाच सुचलं नाही.

सप्टेंबरात बनुबाई सोयाबीनमध्ये खुरपताना कोसळली. लकवा. तिला नगरला नेलं. तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तिला कुणी यादी विचारली नाही, सगळं फुकट झालं. पण तिथं पोचायला आधी आडवं व्हावं लागलं. जीव वाचला. उजवी बाजू आणि वाचा गेली.

दोन ऑक्टोबरला भागिरथीबाईनं तिला टेम्पोतून सभेला आणलं आणि खुर्चीवर बसवलं. नृसिंहकाका कागद घेऊन उभे राहिले. त्यांनी वस्त्यावस्त्या पालथ्या घातल्या होत्या.

"गावाबाहेरची, रोजची गोळी लागणारी माणसं निघाली एकोणीस," ते म्हणाले. "मला शेकडो वाटली होती. एकोणीस मोजायला मी दीड महिना लावला."

त्यांना पुढं वाचवेना. रखमाजीनं त्यांच्या हातातला कागद घेतला. दवाखान्याच्या दारात येईल त्याला औषध मिळेल, असा ठराव झाला. एकही हात विरोधात वर गेला नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत.

मग भागिरथीबाई स्नेहलला म्हणाली, "आता बगा तिचं. तिचं कंदीच कुनी बगितलं न्हाई."

स्नेहलनं मला बनुबाईसमोर ठेवलं. पट्टा पाहून बनुबाई हात पुढं करायला गेली, सगळे करतात तसा उजवा. तो जागचा हलला नाही. ती त्या हाताकडे बघत राहिली. स्नेहलनं डोळे पुसले आणि पट्टा डाव्या दंडाला बांधला.

मित्रांनो, पाऱ्याची यंत्रं आता मोडीत काढतात म्हणे. मलाही काढतील, त्याचं वाईट वाटत नाही. पाऱ्याची विल्हेवाट तेवढी जपून लावा, तो विषारी असतो. पण तुमच्या गावात कधी असं ठरवायची वेळ आली, कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, तर पुढच्या सभेची वाट बघू नका. त्या दीड महिन्यात मी एका बहिणीचा दंड मोजला आणि खूश होऊन बसलो. तुम्ही दुसरीला विचारा.