बिनधारेची सुरी

सोनाबाईची अळंबीची सुरी म्हणजे अख्ख्या कुडपण गावात चेष्टेचा विषय. धार म्हणाल तर काकडी चिरायची मारामार, आणि टोक वीतभर लांब, चपटं. पण नवरा रामजी विषारी अळंबी खाऊन गेला, तेव्हा तिने पोलादपूरच्या लोहारापुढे ठाण मांडून ती मुद्दाम तशी घडवून घेतली होती. अळंबी कापायचीच नाही. टोक देठालगत मातीत खुपसायचं, मुळासकट उचलायची आणि आधी बूड बघायचं. उंदराच्या शेपटीसारखं लांब मूळ असेल तर ती वारुळाची, घरी न्यायची. बुडाला पांढरी वाटी असेल तर तिथेच गाडून हात धुवायचे. रामजीने बूड बघितलं नव्हतं.

त्या दुपारी ती तुडीलहून, बहिणीकडून परत आली, तर ओट्यावर सुरी लखलखत होती. टोक गायब. सोनाबाईने ती उचलून उलटसुलट बघितली.

"बघ गो आये, कशी केली!" खाटेवरून नागसेन म्हणाला. तिचा हा एकुलता एक लेक बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात कामाला होता, बायकोला घेऊन सुट्टीला आला होता. "मागल्या खेपेला तुझं ते भंगार गुपचूप नेलं नि कारखान्यातल्या ग्राइंडरवर धरलं. उज्वलानं सकाळी सपासप आळंबी कापली. मातीचा कण नाय!"

मातीचा कण नाही. म्हणजे बूड मातीतच राहिलं.

"खाल्लीत?"

"मग काय पुजायची? दोघांनी ताव मारला."

"आई, तुमच्याच वारुळावरची हो," सून आतून म्हणाली.

वारुळावरची! सोनाबाईला जरा हायसं वाटलं, पण पाय घरात ठरेनात. चहा तसाच टाकून ती उतारावर गेली. वारुळावर देठांची थोटकं होती, एकसारखी कापलेली. तिने बोटांनी उकरलं. शेपटी. दुसरं उकरलं, तिथेही शेपटी.

"उगाच घाबरते मी मेली," ती पुटपुटली.

मग वारुळाच्या पलीकडे, झाडाच्या बुंध्याशी आणखी तीन थोटकं दिसली. तिने उकरलं. पांढरी वाटी, फुटक्या अंड्यासारखी.

धावत येऊन तिने ती वाटी लेकापुढे ठेवली. "गाडी काढ. दोघंबी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. ह्ये डॉक्टरला दाखवा."

"आगो, डॉक्टरला सांगू काय? पोटभर जेवलो नि बरं वाटतंय?" नागसेन हसला.

"तुझा बापूस पन असाच हसला व्हता," सोनाबाई म्हणाली. "दिवसभर त्याला कायबी झालं नाय. रातच्याला उलट्या लागल्या. मग परत बरं वाटलं त्याला, भाकर मागून खाल्ली. तिसऱ्या दिशी डोळं पिवळं झालं."

नागसेनचं हसू मावळलं. बाप अळंबीने गेला एवढंच त्याला ठाऊक होतं. सुरीला टोक कशाला, हे त्याने कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं. तो उठून गाडीची किल्ली शोधू लागला. खिशातच होती, तरी त्याला सापडेना.

तेवढ्यात पदराला एक हात पुसत उज्वला बाहेर आली. दुसऱ्या हातात झाकलेलं ताट होतं.

"आई, तुमचा वाटा काढून ठेवलाय," ती म्हणाली. "पोटात जरा मळमळतंय माझ्या, पण तुम्ही बसा, मी गरम करून देते."