उशिरा उघडलेली पेटी

मित्रांनो, माझ्या पोटात लाल-पांढरे ठोकळे आणि चित्रांची कार्डे आहेत. मी मानसशास्त्राच्या चाचण्यांची पेटी, आता म्हातारी झालेली. मी कुणाला पास-नापास करत नाही. एखादे मूल कुठे अडते, ते शोधायला माझी मदत होते.

होंडुरासच्या या डोंगरातल्या साऱ्या शाळांना मिळून मी एकटीच होते. मानसतज्ज्ञ सुयापाबाई मला मांडीवर घेऊन मालट्रकमधून गावोगाव फिरत. मुले माझ्याशी खेळत, बाई निरखून बघत आणि मग शिक्षकांना म्हणत, "हा मठ्ठ नाही हो. प्रश्न समजायला वेळ लागतो त्याला. जरा थांबत जा." तेव्हा मला धन्य वाटे.

पुढे सुयापाबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणी आलेच नाही. त्यांच्या शेवटच्या शाळेत, पहिलीच्या वर्गातल्या कपाटात मी पडून राहिले.

त्याच वर्गात सहा वर्षांची डेल्मी होती. ती गोष्ट सांगू लागली की वर्ग गप्प होई. पण पुस्तक उघडले की तिला घाम फुटे. पोरे चिडवत, "डेल्मी गाढवीण, जा, मक्याच्या तोर्तिया भाज!"

एकदा तिची आई, रेइना, वर्गशिक्षिका नोएमीबाईंकडे आली.

"बाई, पोरीच्या डोक्यात काही कमी आहे का हो?"

"छे हो, हुशार आहे. पण कुठं अडतंय ते मला कळत नाही. कपाटात पेटी आहे, पण ती वापरायचं शिक्षण मला नाही."

"मग ज्याला आहे त्याला बोलवा की!"

"दर वर्षी कळवते. पाठवतो म्हणतात."

मी दोन हातांवर होते. पण पेटीला आतून कडी काढता येत नाही.

डेल्मी पुन्हा पुन्हा पहिलीतच बसली. शेवटी आई म्हणाली, "राहू द्या बाई. कॉफी तोडायला अक्षरं लागत नाहीत." आणि तिला मळ्यावर घेऊन गेली.

काही वर्षांनी एक तरुण मानसतज्ज्ञ आली, एका दिवसापुरती. नोएमीबाई धावत मळ्यावर गेल्या आणि डेल्मीला घेऊन आल्या. ती आता बारा वर्षांची झाली होती.

"बस बाळ," मानसतज्ज्ञ म्हणाली.

"मला काही येत नाही मॅडम. कुणालाही विचारा." आपले नाव सांगावे तितक्या सहज ती म्हणाली.

खूप विनवल्यावर ती बसली. ठोकळ्यांची नक्षी तिने झटपट जुळवली. मग समोर अक्षरे आली.

"ही दोन मला एकच वाटतात. पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

मानसतज्ज्ञ नोएमीबाईंना हळूच म्हणाली, "तेव्हाच कळलं असतं तर वेगळ्या रीतीनं शिकवता आलं असतं."

"आताही शिकेल की!" नोएमीबाई घाईने म्हणाल्या.

डेल्मी दाराकडे बघत होती. "जाऊ मी? मुकादम ओरडेल." आणि ती गेली.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असे मी म्हणत नाही. शेजारचे मूल अडखळले तर हसू नका. त्याला काय दिसते ते विचारा. आणि मोठ्यांना सांगा, पेटी उघडणारे माणूस वेळेवर पाठवा.

मला परत कपाटात ठेवले आहे. बाहेर पहिलीचा वर्ग एका सुरात धडा वाचतो आहे, आणि एक आवाज सारखा मागे राहतो आहे.