सौरोसाठी आडोसा

कारखान्याचा फाब्री गॅरेजात आला, तेव्हा ओर्नेल्ला उभ्या उभ्या पियादिनाची रोटी खात होती. टीम तिची होती, पण मोटरसायकली कारखान्याकडून भाड्याने आणलेल्या; त्यामुळे तिने तोंडातला घास घाईघाईने गिळला.

"नेव्हियो, आज सौरो तुझ्या मागून येईल," फाब्री तिच्या टीमच्या स्वाराला म्हणाला. "शेवटच्या फेरीत त्याला आडोसा दे."

पुढच्याने हवा फोडली की मागच्याला वेग फुकट मिळतो, हे इथे रिमिनीतली शेंबडी पोरंसुद्धा जाणतात. सौरो कारखान्याचा लाडका. काल पडल्यामुळे त्याच्यावर मागच्यांच्या पात्रता फेरीत उतरायची वेळ आली होती. तिच्यातून सर्वांत कमी वेळात एक चक्कर मारणारे दोघेच पुढे जाणार होते.

"राजपुत्रावर छत्री धरायला आमचाच पोरगा सापडला का?" ओर्नेल्ला म्हणाली.

"बाई, इंजिन आमचं आहे."

"हो, गेल्या सालचं."

फाब्री हसला. "म्हणूनच सांगतोय. ऐकलंस नेव्हियो, तर पुढच्या वर्षी त्याच वर्षीची नवी गाडी."

नेव्हियोने हेल्मेट उचललं. इतकी वर्षं त्याने दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या गाड्या चालवल्या होत्या. पण हा ट्रॅक घरचा होता. वडील समोरच्या गवतावर खुर्ची टाकून बसले होते. एकदा तरी स्वतःच्या वेगाने पुढे जायचं होतं. ट्रॅकवर उतरताना त्याने ठरवलं: जीव तोडून पळायचं, मागे कोण आहे ते आपण बघायचं नाही.

शेवटची फेरी जमून आली. प्रत्येक वळण त्याला हवं तसं मिळत होतं. फलकावर तो दुसरा होता. फक्त मागून इंजिनाचा आवाज येत नव्हता.

लांब सरळ पट्ट्यावर त्याने गाडीच्या पुढच्या काचेआडून डोकं काढलं आणि मागे पाहिलं.

कुणी नव्हतं.

वाऱ्याचा तडाखा छातीवर बसला. पुढच्या वळणाला ब्रेक उशिरा लागला, गाडी बाहेर गेली. बऱ्याच मागून एकट्याने आलेला सौरो वेळेच्या हिशोबात पहिला आला. नेव्हियो तिसरा.

परतताना सौरोने गाडी त्याच्या गाडीशेजारी आणली आणि हेल्मेटची काच वर केली. "फाब्रीला मी सकाळीच नाही म्हटलं होतं. कुणाच्या आडोशानं पुढे जायचं नव्हतं मला. तुला सांगितलं नाही त्यांनी?"

नेव्हियोने नकारार्थी मान हलवली.

गॅरेजात फाब्री आधीच येऊन उभा होता. त्याने नेव्हियोच्या खांद्यावर हात ठेवला. "सौरो ऐकत नाही कुणाचं, तो वेगळा प्रश्न. पण पट्ट्यावर तू त्याची वाट पाहिलीस, ते आम्ही पाहिलं. गाडी तुझी."

"मी वेग सोडला नव्हता," नेव्हियो म्हणाला. "मी नुसतं मागे पाहिलं."

"तेच ते."

ओर्नेल्ला नेव्हियोकडे पाहत राहिली. आता तो काहीतरी फाडकन बोलेल, असं तिला वाटत असावं. नेव्हियोलाही तसंच वाटत होतं. त्याने हातमोजे काढले, बाकावर ठेवले.

"नव्या गाडीची चाचणी कधी?" त्याने विचारलं.

ओर्नेल्ला वळली आणि टायर गरम ठेवणारं आवरण उगाच सारखं करू लागली.