आजोबांनी पुसलेली पावलं

सह्यांच्या कागदाच्या फळीला पेन गळाच्या दोरीनं बांधलेलं होतं... नवरा असताना सरोवरातले मासे अशाच दोरीला लागायचे, आणि फेन्याला वाटलं, आज आपण लागणार.

टेबलापलीकडे शेजारची लॉरा स्त्रेलिऑफ बसलेली, बुटांवरचं बर्फ वितळतंय. गुडघाभर बर्फातून ही सह्यांसाठी दारोदार हिंडते आहे, आणि मोबदला घ्यायला कायद्यानंच मनाई. साठ दिवसांत दर दहा मतदारांतल्या चौघांनी सही केली की आमदाराची खुर्ची रिकामी. फेन्याला त्या कायद्याचं राहून राहून कौतुक वाटे – निवडून पाठवलेल्या माणसाला माघारी ओढायची सोय, तीही लोकांच्याच हाती.

पण सही...

आजोबा रशियातून आले ते सरकारी कागदावर सही न करण्याचा धर्म घेऊनच. जमीन गेली, सही दिली नाही. गावात तर सांगतात, म्हातारा बर्फात झाडू घेऊन उलटा चालायचा, स्वतःची पावलं पुसत – सरकारनं ठसाच सही म्हणून धरला तर? त्याच्या मागावर आलेला पोलीस म्हणे पावलं सापडेनात म्हणून वसंतापर्यंत तिथंच उभा होता. आणि मी त्याची नात. बँकेतसुद्धा फुली मारणारी. मतदार यादीत नाव घातलं ते नवऱ्यानं. मत मी कधी दिलंच नाही.

मत दिलं नसलं तरी सही चालते, असं लॉरानं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

आमदार डेल हार्शॉ. इथं बसून त्यानं तीन वाट्या बोर्श्तचं सूप रिचवलं, आणि राजधानीत जाऊन सरोवरातली प्रवासी बोट बंद करायला हात वर केला. पलीकडच्या काठावर थोरली बहीण दुन्याताई, अंथरुणाला खिळलेली... हिवाळ्यात डोंगरातून वाट नाही.

“त्यानं माझ्या माणसाला खांदा दिलाय, लॉरा.”

“मी होते ना तिथं. चौघींनी हेच ऐकवलं मला, मावशी. खांदा द्यायला तो कुठंच चुकत नाही.”

“मग? केली त्यांनी सही?”

“दोघींनी. एकीनं कुत्रं सोडलं. एक रडली, आणि मी निघताना मला मोजे दिले.”

फेन्या हसू दाबत उठली, बोर्श्त वाढायला. खिडकीतून फाटकापासून दारापर्यंत लॉराची पावलं दिसत होती – खोल, ठसठशीत, एकही न पुसलेलं. असेच ठसे घरोघर गेले असतील, कुत्र्याच्या दारापर्यंतसुद्धा. झाडू दाराआड होता. कुणी येऊन गेलं की पावलं पुसायला तिचा हात आपोआप तिकडे जाई... आज गेला नाही.

वाटी लॉरापुढे सरकवून तिनं पेन उचललं. दोरी ताणली गेली. तिच्या सहीची जागा अजून कोरी होती – पण गळ, तिला पहिल्यांदाच वाटलं, आपल्या हातात आहे.